एक बैल लंगडला तरी नांगर थांबू नये



मागच्या हंगामात फायबरायझरचा ड्राइव्ह नऊ तास बंद राहिला, ते आपण विसरला नसाल. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली, तोडलेला ऊस उन्हात वाळला. वजन तर घटतेच, वर साखर उतरते ती वेगळी. म्हणून हंगाम संपल्यावर इलेक्ट्रिकल विभागाच्या मंडळींबरोबर आम्हीही अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात गेलो. आम्ही शेतकी पदविकेचे. बेणे, खत, पाणी हा आमचा प्रांत. पण नुकसान उसाचे, तेव्हा ऐकणे भाग होते.

पहिला धडा लोकलमध्येच मिळाला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे धावणाऱ्या गाडीत मोटारडबे एकाहून जास्त असतात. एकाची यंत्रणा बिघडली तर ती बाजूला काढून बाकीच्यांवर गाडी नेतात. वेग कमी, पण पोचते. मात्र १२ ऑक्टोबर २०२० रोजी काय झाले? कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या दोन वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. सारा भार दुसरीवर आला, तीही गेली. मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी. जोडीदार आहे म्हणून निर्धास्त राहावे, आणि तोच दुरुस्तीला!

त्याच पडघ्याला चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉटची डीसी वाहिनी येते. तिचे दोन ध्रुव आहेत; एक पडला तर दुसरा निम्मी वीज आणतो. तिथल्या थायरिस्टरच्या साखळीत गरजेपेक्षा काही नग जादा ठेवलेले असतात. एखादा जळाला तर तो नुसत्या तारेसारखा होऊन राहतो, साखळी तुटत नाही.

मोठ्या मोटारीच्या नव्या ड्राइव्हमध्ये हीच युक्ती आहे. समजा, प्रत्येक फेजला सहा पेट्या, एकूण १८. एकेक पेटी थोडा थोडा दाब देते आणि पायरीपायरीने पूर्ण दाब उभा राहतो. आपल्या वडिलांच्या वेळचा आठ बैली नांगर आठवा. एक बैल लंगडला तर त्याला जुवातून सोडत; तसाच बांधून ठेवला तर बाकीचेही अडणार. इथे बिघडलेल्या पेटीला वळसा देणारी कळ असते. बिघाड क्षणात ओळखून ती पडली पाहिजे, नाहीतर शेजारची पेटीही जळते. खरी मेख इथेच आहे.

पूर्वी एक पेटी गेली की समतोलासाठी दुसऱ्या दोन फेजमधल्या धडक्या पेट्याही वगळत. उरल्या १५, म्हणजे दाब सहात पाच. आता फेजमधले कोन बदलून समतोल साधतात आणि धडक्या पेट्या कामात ठेवतात, त्यामुळे दाब त्याहून जास्त मिळतो. आम्हाला हे दोनदा समजावून घ्यावे लागले, हे कबूल करतो.

वळशाची सोय असलेला ड्राइव्ह महाग पडतो. पण एक पेटी गेल्यावर किती टक्के वेग राहील आणि सुटी पेटी किती दिवसांत मिळेल, हे निविदेत लिहून घ्यावे, असे टिपण आम्ही कार्यालयात दिले आहे.