घाट, गिअर आणि दाते

मालवणहून कोल्हापूरकडे निघालेली एसटी फोंडाघाटाला भिडली की ड्रायव्हर गिअर खाली घेतो. इंजिन घुमतं, गाडी मात्र हळू होते. गिअरमुळे नवी शक्ती तयार होते, हा समज चुकीचा. गिअर वेग देऊन जोर घेतो, एवढंच.

१२ दात्यांच्या चाकाने ३६ दात्यांचं चाक फिरवलं, तर छोट्याच्या ३ फेऱ्यांत मोठ्याची १ होते. वेग एक तृतीयांश, पण पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, जवळपास तिप्पट. थोडा घर्षणात जातोच. पुढे डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांच्या आसावरच्या गिअरांत, वेग पुन्हा घटतो, आणि दोन्ही टप्प्यांचा गुणाकार होतो. गिअरबॉक्समध्ये जोर ५ पट आणि डिफरन्शियलमध्ये ४ पट झाला, तर चाकाला २० पट मिळतो. मालवणच्या ट्रॉलरांतही इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये असाच गिअरबॉक्स असतो, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तर पाणी अधिक चांगलं ढकलतो.

उतरताना खेळ उलटा. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला रोखून धरतं. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्यांनो, तेव्हा तुमची गाडी निव्वळ ब्रेकच्या भरवशावर असते. ते सोडा!