हात गेममध्ये, लक्ष चॅटवर

लाइव्ह स्ट्रीमवर लोक गेम बघायला येतात, तेव्हा जो सरस खेळेल त्याच्याकडे गर्दी जास्त, हे गणित सरळ वाटतं खरं. पण स्पर्धा जिंकणारे सगळेच काही लोकप्रिय स्ट्रीमर होत नाहीत. कौशल्याचा इथला उपयोग वेगळा आहे. तो पाहायचा तर पबजीची एखादी मॅच नीट बघावी. शंभर जण बेटावर उतरतात, वर्तुळ आकसत जातं, अर्ध्या तासात एक जण किंवा एक टीम उरते. सुरुवातीची मिनिटं निव्वळ वेचावेचीची: घरामागून घर, रायफल, हेल्मेट, मलमपट्टी. मुरलेल्या स्ट्रीमरची नजर या वेळात सारखी शेजारच्या स्क्रीनवर, पळत्या चॅटवर जाते. कुणाच्या परीक्षेची चौकशी, कुणी काढलेल्या चिमट्याला उलट चिमटा, पैसे पाठवणाऱ्याचे नाव घेऊन आभार. तेवढ्यात गोळी सुटते आणि वाक्य न तुटता त्याचा हात फिरतो. बंदूक झटक्याने वर उचलली जाते म्हणून माउस त्याच मापाने खाली ओढायचा, पावलांच्या आवाजावरून माणूस वरच्या मजल्यावर आहे की खालच्या ते ओळखायचं, हे त्याच्या बोटांना आणि कानांना पाठ झालेलं असतं. नवख्याला यातल्या प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो, म्हणून ऐन वेळी तो मुका होतो. सरावाने हात तयार होतो, हे तर आहेच. स्ट्रीमरची खरी मिळकत ही की तोंड मोकळं होतं. कीर्तनकार चिपळ्यांकडे बघत बसला तर निरूपण कधी करणार?

याचा सगळ्यांत बोलका पुरावा 'डिले'मध्ये आहे. स्ट्रीम बघता बघता त्याच मॅचमध्ये घुसायचं आणि स्ट्रीमर कुठे लपलाय ते त्याच्याच पडद्यावर पाहून त्याला टिपायचं, याला स्ट्रीम स्नायपिंग म्हणतात. उपाय सोपा आहे: प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा दाखवायचं. मोठ्या स्पर्धांमध्ये तसं करतातच. पण मग चॅटमधल्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तो प्रश्न विसरलेला असतो. म्हणून रोजचा स्ट्रीमर सहसा डिले काही सेकंदांवरच ठेवतो आणि चोरून मारणाऱ्यांच्या हातून मरतो. हरणं परवडतं, गप्पा तुटलेल्या परवडत नाहीत. ज्याच्या धंद्याचं भांडवल जिंकणं आहे, तो असा सौदा करणार नाही.

यावर श्राउडचं नाव पुढे येईल. क्लाउड नाइन संघातून काउंटर-स्ट्राइक खेळलेला हा व्यावसायिक खेळाडू बोलतो बेताचंच, तरी त्याच्याकडे अफाट प्रेक्षक. पण त्याचा खेळ नीट ऐकावा. हो, ऐकावाच. चकमक पेटली तरी त्याचा आवाज चढत नाही. तो सैलपणाच लोकांना दिवसाकाठी तासन्‌तास सोबतीला हवा असतो. निंजाचं उदाहरण तर उलटतपासणीच म्हणावं असं. पूर्वी हेलो या गेमचा व्यावसायिक खेळाडू असलेल्या निंजाने 14 मार्च 2018 रोजी गायक ड्रेकबरोबर फोर्टनाइट खेळला, तेव्हा ट्विच या स्ट्रीमिंग मंचावर एकाच वेळी 6 लाखांहून अधिक लोक बघत होते. ऑगस्ट 2019 मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या प्रतिस्पर्धी मंचावर गेला, ऑक्टोबरमध्ये श्राउडही. नेमबाजी दोघांची तीच होती. ट्विचवरची वस्ती मात्र त्यांच्यामागून पुरेशी हलली नाही, आणि 22 जुलै 2020 रोजी मिक्सर बंद झालं. प्रेक्षकाला जसा खेळाडू हवा असतो तसा ओळखीचा कट्टाही हवा असतो.

आपल्याकडे मुंबईच्या आदित्य सावंत या पबजी स्ट्रीमरचं, म्हणजे डायनॅमोचं, नाव निघालं की चाहत्यांच्या तोंडी आधी 'पट से हेडशॉट' येतं. तो हेडशॉट नेमका कोणत्या मॅचमधला, हे क्वचितच कुणी सांगेल. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि त्याची भारतीय आवृत्ती, बीजीएमआय, यायला जुलै 2021 उजाडला. मधल्या काळात स्ट्रीमर दुसऱ्या गेमकडे वळले. ज्या बंदुकीचा झटका हाताला पाठ होता ती बंदूकच गेली. पण कट्टा जागचा हलला नव्हता, म्हणून बसणारेही टिकले.

मग नुसत्या गप्पाच माराव्यात, खेळाची उठाठेव कशाला? ट्विचवर 'जस्ट चॅटिंग' हा विभाग जोरात चालतो, हे खरंच आहे. पण नुसतं बोलणाऱ्याला रोज विषय शोधून आणावा लागतो. खेळणाऱ्याला तो मॅच पुरवते, आणि दर अर्ध्या तासाने नवा. अट एवढीच की माणूस दुसऱ्याच मिनिटाला मरू नये. कथेला शेवटच्या वर्तुळापर्यंत जिवंत ठेवणं हे कौशल्याचं दुसरं काम, आणि ते पहिल्याइतकंच कष्टाचं. ट्विचने 'अ‍ॅफिलिएट' होण्यासाठी, म्हणजे स्ट्रीममधून कमाई सुरू करता यावी म्हणून, वर्षानुवर्षं ठेवलेल्या अटीही पाहण्याजोग्या आहेत: 50 फॉलोअर, आणि 30 दिवसांत 7 वेगवेगळ्या दिवशी मिळून 500 मिनिटं प्रक्षेपण, सरासरी 3 प्रेक्षक. जिंकल्याचा कुठे उल्लेख नाही. त्यातले पहिले 3 मिळवणंच सर्वांत जिकिरीचं, कारण आत डोकावणारा काही क्षणांतच निघून जातो आणि त्या क्षणी कुणीतरी बोलत असायला हवं. म्हणून नवशिका प्रेक्षकसंख्येच्या जागी शून्य दिसत असतानाही, कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहतो: "डावीकडून पावलं येतायत, थांबा जरा, जाऊ नका."