तव्याचा नांगर आणि छोटा ट्रॅक्टर

देवळी तालुक्यात पऱ्हाटी उपटून झाली, तुरीचे कुटार आवरले, की नांगरटीची बोलणी सुरू होतात. पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर मुळात कपाशीच्या ओळींत शिरतो म्हणून घेतलेला असतो; डवरणी, फवारणी ही त्याची कामे. पण घरी ट्रॅक्टर उभा असताना नांगरटीला दुसऱ्याचा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा, हे मनाला पटत नाही. मग तव्याचा नांगर, म्हणजे डिस्क नांगर, विकत घ्यायचा किंवा वेल्डिंगच्या दुकानात बनवून घ्यायचा बेत ठरतो. बेत चुकीचा नाही. त्याच्याभोवती पसरलेल्या समजुती मात्र खर्चात पाडणाऱ्या आहेत.

‘तवा फिरतो, म्हणून ओढायला ताकद कमी लागते.’

पलटी नांगराचा फाळ मातीतून घासत जाताना दिसतो आणि तवा मात्र बेअरिंगवर सहज फिरताना दिसतो. त्यातून हा समज तयार होतो. रोटाव्हेटर पाहिलेल्यांना तर वाटते की तवाही इंजिनच फिरवत असणार. तसे काही नसते. तवा फिरतो तो मातीच्या रेट्याने, आणि तो रेटा शेवटी ट्रॅक्टरच्या चाकांनीच द्यायचा असतो. फिरण्यामुळे घासण्याचा भाग कमी होतो, हे खरे. पण माती कापणे, फोडणे, उचलून बाजूला टाकणे हे काम तव्यालाही चुकत नाही.

हिशेब साधा आहे. वाळत आलेल्या भारी काळ्या मातीत दर चौरस सेंटीमीटर कापामागे पाऊण किलो ओढ धरा. एक तवा २५ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर खोल तास काढत असेल, तर काप ५०० चौरस सेंटीमीटर, आणि ओढ सुमारे ३७५ किलो. ताशी चार किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला जेमतेम साडेपाच अश्वशक्ती लागते. चाकांपर्यंत पोचताना आणि मातीत घसरताना जवळपास तेवढीच वाया गेली, असे मानले तरी अठरा अश्वशक्तीचे इंजिन हे काम सहज करील. वेग थोडा कमी धरला तर दोन तव्यांचेही गणित कागदावर काठाशी येऊन पोचते, आणि इथेच माणूस फसतो. छोट्या ट्रॅक्टरचे वजन ८०० ते १००० किलो. नांगरटीच्या रानात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्यापेक्षा फारशी जास्त ओढ देऊ शकत नाही, कारण त्यापुढे चाक जागेवरच फिरू लागते. म्हणजे एक तवा निघतो. दोन तव्यांना ७५० किलो लागतात, आणि ते कुठून आणायचे? इंजिन दमलेले नसते, टायर माती उकरत असतो. मागच्या टायरांत पाणी भरून आणि चाकांना बिडाची वजने लावून थोडी भर घालता येते, पण दुप्पट ओढ त्यातून मिळत नाही. अश्वशक्तीचा आकडा पाहून नांगर घेऊ नये. ट्रॅक्टरचे वजन पाहावे.

‘ट्रॅक्टर हलका, म्हणून नांगरही हलकाच बनवावा.’

हा समज सर्वांत समंजस वाटतो, आणि सर्वाधिक नांगर भंगारात गेले असतील ते याच्याच पायी. पलटी नांगराचा फाळ स्वतःच्या उतारामुळे जमिनीत ओढला जातो. माती त्याला खाली घेते. तव्याचे उलटे आहे. त्याची गोल कड जमिनीवर टेकली की माती त्याला वर ढकलते. तो खाली जातो तो फक्त वजनाने आणि कोनाने. बाजारातला दोन तव्यांचा नांगर अडीच-तीनशे किलोंचा असतो, तो लोखंडाची उधळपट्टी म्हणून नव्हे. कोणी चॅनल आणि पट्ट्या जोडून साठ-सत्तर किलोंचा एकतव्या नांगर बनवतो. एप्रिलच्या तापलेल्या, भेगा पडलेल्या रानात तो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा रेघ ओढत जातो. मग दोष तव्याला दिला जातो, त्याला पुन्हा धार लावली जाते, आणि रेघ थोडी बारीक होते, इतकेच.

उपाय तीन. पहिला, चौकटीवर वजन ठेवण्याची जागा सुरुवातीलाच करून घ्यावी. मात्र छोट्या ट्रॅक्टरची हायड्रोलिक किती उचलते आणि नांगर उचलल्यावर पुढची चाके जमीन सोडतात का, हे आधी तपासावे. पुढे वजन लावावे लागेलच. दुसरा, कोन. प्रवासाच्या दिशेशी तव्याचा कोन साधारण ४२ ते ४५ अंश, आणि उभ्या रेषेपासून मागे झुकाव १५ ते २५ अंश असतो. कडक जमिनीत तवा जास्त उभा ठेवला तर बरा घुसतो. चिकट जमिनीत जरा मागे झुकवला तर माती नीट पलटते. म्हणून घरी बनवताना कोन वेल्ड करून कायमचा पक्का करू नये, बोल्टने बदलता येईल असा ठेवावा. तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळ. सोयाबीननंतर रिकामे राहिलेले किंवा हरभरा निघालेले रान आतून ओल धरून असतानाच नांगरले, तर जे काम मे महिन्यात छोट्या ट्रॅक्टरला जमत नाही, ते तेव्हा जमते.

‘हॅरोचे जुने तवे लावले की नांगर तयार.’

तवा तो तवाच दिसतो, आणि भंगारात हॅरोचा तवा सहज मिळतो. पण हॅरोचे तवे एकाच चौकोनी शाफ्टवर ओळीने बसतात, उभे असतात, आणि आधीच मोकळी झालेली माती फोडतात. नांगराचा तवा मोठा, बहुधा ६० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाचा असतो, आणि प्रत्येक तवा स्वतंत्र बेअरिंगवर तिरपा बसतो. माती उजवीकडे फेकली जाते तेव्हा तेवढाच धक्का तव्याला डावीकडे बसतो. हा आडवा धक्का साधे बॉल बेअरिंग सोसत नाही. टेपर रोलर बेअरिंग लागते. जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचा हब आणि स्टब वापरायची गावठी युक्ती त्यामुळेच चालते, कारण त्यात टेपर बेअरिंगची जोडी असतेच. फक्त धूळ आत जाऊ न देणारे सील नवे घालावे.

तव्याला वेल्डिंग करू नये. तो पाणी दिलेल्या पोलादाचा असतो. वेल्डच्या उष्णतेने ते पाणी उतरते, आणि वेल्डच्या कडेला बारीक चीर पडते. पहिला दगड लागला की तीच चीर पुढे सरकते. तवा बोल्टनेच बसवावा.

घरी बनवलेल्या नांगरात एक भाग हमखास गाळला जातो: मागचे तिरपे तासचाक. ते ‘खोली ठरवण्याचे चाक’ समजून लोक वगळतात. त्याचे मुख्य काम वेगळेच आहे. पलटी नांगराला आडवा धक्का घेण्यासाठी तासाच्या भिंतीला टेकणारी पट्टी असते. तव्याच्या नांगराला ती नसते, म्हणून तासचाकाची धारदार कड तासाच्या तळाशी रुतून तो धक्का घेते. ते नसेल तर नांगर शेपटीसारखा बाजूला सरकतो, छोट्या ट्रॅक्टरचे तोंड फिरवतो, आणि चालवणारा दिवसभर स्टिअरिंगशी झटत राहतो.

‘लोखंडी अवजाराने, खोल नांगरटीने जमीन बिघडते’ आणि ‘जितके खोल, तितके पीक जास्त’.

दोन्ही समज एकाच गावात, कधी एकाच घरात भेटतात. पहिला जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. लोखंडात विष नव्हतेच. पण या भीतीला एक खरा आधार सापडतो. काळ्या जमिनीच्या खालच्या थरात बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते आणि सेंद्रिय कर्ब कमी असतो. तो थर वर आला की पिकाला लोह आणि जस्त मिळेनासे होते, सोयाबीन पिवळे पडते, आणि नांगराला शिव्या बसतात. बरड रानात तर खालचा मुरूमच वर येतो.

दुसऱ्या समजालाही आधार आहे. उन्हाळी नांगरटीने बोंडअळीचे कोष उन्हात आणि पक्ष्यांपुढे येतात, हे खरे. पण काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात मिटते आणि बरेचसे काम आपणच करते. म्हणून भारी जमिनीत खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरते. मधल्या वर्षांत वखराच्या पाळ्या पुरेशा आहेत, आणि त्या छोट्या ट्रॅक्टरच्या आवाक्यातल्याही आहेत.

‘तवा चिकट मातीतही चालतो, म्हणून पाऊस पडल्या पडल्या नांगरावे.’

चालतो, हे बरोबर. पलटी नांगराच्या पंखाला काळी माती लदबदून बसते. तवा फिरतो आणि खरवडपट्टी त्याला साफ करते. पण नांगर चालला म्हणजे रान नांगरण्याजोगे झाले असे नाही. वाफसा नसताना उलटलेले ढेकूळ उन्हात विटेसारखे कडक होते आणि वखराला दाद देत नाही. शिवाय ट्रॅक्टरचे उजवे चाक तासातून चालते. ओल असताना ते तासाचा तळ लिंपून घट्ट करते. वरून मोकळ्या दिसणाऱ्या रानात पाणी साचते ते यामुळे. मूठभर माती दाबावी. गोळा होऊन बोटाच्या टोच्याने फुटली तर वाफसा आहे, लांब वळली तर थांबावे.

‘तव्याने कुंदा आणि हरळी कापून मरते.’

कापली जाते, मरत नाही. कुंद्याच्या कांड्याचा प्रत्येक डोळा असलेला तुकडा नवे रोप देतो. ओल्या रानात तवा चालवला तर एका ठिकाणचा कुंदा धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत जातो. तो मरतो उन्हाने: नांगरट कोरडी हवी, काशा, म्हणजे ती कांडी, वर पडून वाळल्या पाहिजेत, आणि नंतर वखराने ओढून, वेचून जाळाव्या लागतात. तव्याने रान एका दिवसात उलटते. वेचणीला बायामाणसांची मजुरी लागते, आणि नांगरटीच्या खर्चात ती सुरुवातीलाच धरावी.