चालती गाडी गप्प होते तेव्हा

मोटारसायकल सकाळी सुरूच न होणे निराळे आणि चालता चालता ती एकाएकी गप्प होणे निराळे. पहिल्या प्रकारात माणूस निदान आपल्या दारात असतो. शेजाऱ्यांच्या चार सूचना ऐकाव्या लागतात, रिक्षा पाहावी लागते, कामावर उशीर होतो, इतकेच. दुसऱ्या प्रकारात मात्र गाडी कोठे थांबावी हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही. माझी गाडी थांबली ती दिवे घाटाच्या मध्यावर, भर ऑगस्टच्या पावसात. मागे आमची सौभाग्यवती बसलेली होती, आणि तिच्या मागे कांद्याच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक येत होता.

पुण्याहून सासवडला जाताना वडकी सोडली की हा घाट लागतो. आषाढी वारीत माउलींची पालखी ह्याच वाटेने वर चढते. माझ्या सासूबाई सासवडला अंथरुणाला खिळलेल्या होत्या, म्हणून आमची दर रविवारची ती वाट. त्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटीत होतो, तोच तिचा आवाज गेला. मी काय केले असेल? गाडी गिअरमध्येच ठेवून सेल्फचे बटण दाबीत बसलो! इकडे गाडी मागे घसरू लागली. ट्रकवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहावयास मी शिल्लक आहे. त्याने खिडकीतून जे उद्गार काढले ते मराठीच्या अध्यापकालाही नवे होते.

तेव्हा बिघाड शोधण्याच्या आधीची गोष्ट आधी सांगतो. गाडी बंद पडली की पहिला हात क्लचवर गेला पाहिजे. क्लच दाबला म्हणजे मेलेल्या इंजिनाचे ओझे मागच्या चाकावरून उतरते आणि गाडी मोकळी होते. सपाट रस्त्यावर असाल तर अंगात असलेला वेग ही तुमची शिल्लक पुंजी. ती ब्रेक दाबून उधळू नका. दिवा दाखवून, मागे पाहून, त्याच वेगावर डावीकडे कडेला या. चढावर ही पुंजी दोनचार हातांतच संपते. तेथे दोन्ही ब्रेक दाबून उभे राहावे, मागच्या माणसाला डाव्या बाजूने उतरू द्यावे, आणि मग पहिला गिअर टाकून क्लच सोडून द्यावा. बंद इंजिनच चाकाला उटी लावल्यासारखे धरून ठेवते. ही युक्ती मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या ट्रकवाल्याकडून कळली, हे कबूल केले पाहिजे.

आता बिघाड. इंजिनाला जगावयास मुळात तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी एक ठिणगी. चार हजार फेऱ्यांनी फिरणारे साधे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला दोन हजार वेळा हा उद्योग करते. पेट्रोलची काळजी आपण सारेच करतो. हवेची कोणी करीत नाही. वास्तविक वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळण्यास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! धुळीने चोंदलेला एअर फिल्टर गाडीचा श्वास कसा कोंडीत असेल ते ह्यावरून ध्यानात येईल.

ह्या तिहींपैकी काय तुटले हे ओळखावयाचे कसे? आमच्याकडे उलट्या बाजूने सुरुवात होते. गाडी बंद पडली की प्लग बदला. भागले नाही तर कार्ब्युरेटर धुवा. तरीही नाही तर कॉइल नवी बसवा. मीही तेच केले. तीन रविवारी तीन दुरुस्त्या झाल्या, आणि तिन्ही वेळा गाडी घाटात पुन्हा बंद पडली. दहा मिनिटे कडेला उभे राहावे, की ही बया मुकाट्याने सुरू! गॅरेजात तर ती इतकी शहाण्यासारखी वागे की कारागिराने माझ्याकडेच संशयाने पाहावे. तिसऱ्या रविवारी आम्ही सासवडला पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते, आणि बरोबर आणलेले औषध सासूबाईंना दोन तास उशिरा मिळाले. परतीच्या वाटेवर आमच्यात फारसे बोलणे झाले नाही.

चौथ्या खेपेस गाडी घाटाच्या पायथ्याशीच थांबली आणि तेथल्या एका लहानशा टपरीवजा गॅरेजात ढकलीत नेली. तेथल्या पोऱ्याने—विशीच्या आतबाहेरचा असेल—हत्यार हाती घेण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारला :

“सर, बंद कशी पडली? गपकन, का आचके देत?”

हा प्रश्न आजवर मला कोणीच विचारला नव्हता, आणि लाजेची गोष्ट म्हणजे मीही स्वतःला विचारला नव्हता. सारे मर्म ह्यातच आहे. स्विच बंद केल्यासारखी गाडी एका क्षणात गप्प झाली, तर बहुधा वीज तुटली. आचके देत, धापा टाकीत, थ्रॉटल पिळूनही जोर न धरता ती मेली, तर बहुधा पेट्रोल तुटले. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला आहे. यंत्रांतही अपवाद असतातच.

तिसरा एक प्रकार क्वचित घडतो, पण तो सर्वांत वाईट. गाडी जड जड होत जाते, इंजिनातून खरखर येते आणि मागचे चाक जखडू पाहते. तेव्हा क्लच तत्क्षणी दाबावा आणि गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. आतले ऑइल संपलेले असते किंवा इंजिन तापून पिस्टन आवळला गेलेला असतो. अशा वेळी किक मारणे म्हणजे मोडलेल्या पायावर माणसाला चालावयास लावणे होय.

विजेच्या बाजूने पाहावयाचे तर आधी फुकटच्या गोष्टी पाहाव्यात. उजव्या मुठीजवळचे तांबडे किल स्विच अंगठ्याचा किंवा रेनकोटच्या बाहीचा धक्का लागून बंद होते आणि चांगली चांगली माणसे अर्धा तास किक मारीत बसतात. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत साइड स्टँड खाली असला तर इंजिन चालत नाही. खड्ड्यात स्टँड हिसकला की झालेच. त्यानंतर फ्यूज, बॅटरीच्या सैल तारा, आणि पावसाळ्यात प्लगची टोपी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुऊन आणली आणि चौकात ती बंद पडली, तर कोरड्या फडक्याने टोपी आतून पुसावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते. प्लग काढलाच तर त्याचे तोंड वाचावे. विटकरी-तपकिरी रंग हा प्रकृती ठीक असल्याचा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि ताप जास्त. मात्र ठिणगी पाहावयाची झाली तर टाकीचे झाकण घट्ट लावलेले असावे आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तो नाद सोडावा. टू-स्ट्रोक गाड्यांच्या जमान्यातली मंडळी खिशात एक जास्तीचा प्लग आणि पॉलिशपेपरचा तुकडा बाळगीत, कारण पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलची काजळी प्लगच्या फटीत जमून ठिणगीच पडत नसे.

आमची गाडी मात्र आचके देत मेली होती. मला ते आठवेना; मागे बसलेल्या हिला आठवत होते. शिवाय ही बँकेत नोकरीला. पेट्रोलचा हिशेब ती एका छोट्या वहीत मांडते : तारीख, लिटर, गाडीचे किलोमीटर. जेथे जेथे गाडी बंद पडली तेथे तिने समासात फुली मारून आकडा टिपला होता. मी त्या वहीची आजवर थट्टाच केली होती. तिने ती पोऱ्यापुढे धरली आणि म्हणाली, “हे बघ रे दादा. हडपसरला टाकी भरली की ही घाटात बंद पडते. मधल्या वारी अर्ध्या टाकीवर हे कॉलेजला जातात तेव्हा काही होत नाही. भरल्या पोटी कोणी उपाशी मरतं का?”

पोऱ्या हसला. त्याने गाडी सुरू होते का पाहिले, होईना. मग त्याने नुसते टाकीचे झाकण उघडले. ‘सुस्स’ असा लांब आवाज आला. झाकण परत न लावता त्याने नुसते वर टेकवले आणि बटण दाबले. गाडी लगेच बोलू लागली.

झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा एक तुकडा होता. तो मी स्वतः लावला होता! मागच्या पावसाळ्यात झाकणाचे रबर झिजून टाकीत पाणी गेले होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी बसते आणि नेमके तेच आधी कार्ब्युरेटरात उतरते. तो खर्च पुन्हा नको म्हणून जूनमध्ये मी पिशवी धुऊन, कापून झाकणाखाली ताणून बसविली, आणि पुण्यातले शेकडो लोक हेच करतात म्हणून निश्चिंत झालो.

परंतु माझ्या जुन्या गाडीच्या झाकणाला एक सुईएवढे भोक असते. कार्ब्युरेटरची ही गाडी. तिच्यात पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरते आणि जेवढे उतरेल तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपली आई दोन भोके का पाडी? एकाने तेल बाहेर, दुसऱ्याने हवा आत. मी दुसरे भोक बुजविले होते. टाकीत पोकळी निर्माण होऊन ती पेट्रोलला वर ओढून धरी. पिशवीच्या कडेने हळूहळू हवा झिरपली की दहा मिनिटांनी गाडी सुरू. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून थोडेसे पेट्रोल खर्ची पडताच तेथला दाब उतरे. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, त्यामुळे तेवढ्याच दाबाला पुष्कळ अंतर लागे. माझे कॉलेज पडले चार किलोमीटरांवर. गॅरेजवाल्यांना झाकण उघडण्याचे कारणच पडले नव्हते; काटा पेट्रोल आहे असे सांगत होता.

झाकण उघडताच गाडी सुरू झाली तर दोष हवेच्या वाटेचा. झाकण उघडूनही फरक न पडता केवळ गाडी निवल्यावर ती सुरू होत असेल, तर तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइलचा संशय धरावा. रस्त्याच्या कडेला पैशाविना करता येण्याजोगी ही परीक्षा आहे. अर्थात त्याआधी टाकीत पेट्रोल आहे ना, आणि कॉक रिझर्व्हवर नेऊन पाहिला ना, हे ओघानेच आले.

१ एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यांत पेट्रोल पंपाने ढकलले जाते. किल्ली फिरवताच टाकीतून दोन क्षण ‘घूं’ असा आवाज येतो. तो आला नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा बॅटरी पाहावी. गाडी एकदा आडवी झाली तर आतला पहारेकरी इंजिन बंद करतो. उभी करून किल्ली बंद-चालू केल्यावाचून ती हलत नाही. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाण्याशी सलगी करते; फार पाणी शिरले तर दोघे मिळून तळाशी वेगळा थर करतात. तेव्हा पावसाळ्यात झाकणाचे रबर पाहावयाचे ते नव्या गाडीवाल्यांनीही.

पोऱ्याने मजुरी घेतली नाही. झाकणाचे नवे रबर त्याच्यापाशी नव्हते. ते दुसऱ्या दिवशी पुण्यात मिळाले. त्याने दुधाची पिशवी घडी करून माझ्या हातात दिली, मी ती खिशात घातली, आणि आम्ही घाट चढलो. सासवडला सासूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. “आज वेळेवर आलात,” त्या म्हणाल्या. हिने वही काढली आणि त्या रविवारच्या आकड्यापुढे फुलीऐवजी बरोबरची खूण केली.