नव्व्याण्णव म्हणजे काय?

आता सॅम फाइलमधला दुसरा स्तंभ पाहू. तिथे ९९ दिसतं. मंडळी, हे मोजमाप नव्हे. होय-नाहीचे बारा प्रश्न आहेत, प्रत्येकाची किंमत ठरलेली: १, २, ४ अशी दुप्पट होत २०४८ पर्यंत. ज्यांचं उत्तर ‘होय’, त्यांची ही बेरीज. ९९ म्हणजे ६४, ३२, २ आणि १. दुसऱ्या कुठल्या रीतीने ती जमतच नाही. अर्थ असा: तुकडा जोडीतला आहे, जोडी रीतसर बसली आहे (‘रीतसर’ कशाला म्हणायचं हे जुळवणी करणारा प्रोग्राम ठरवतो!), जोडीदार उलट धाग्यावर आहे, आणि हा त्यातला पहिला. जोडीदारापुढे बहुधा १४७ असेल. त्याची फोड तुम्ही करा.

मला रस आहे तो ‘नाही’मध्ये. १६ नसेल तर तुकडा सुलट धाग्यावर, असं आपण म्हणतो. पण ४ असेल, म्हणजे तुकडा जीनोमवर कुठे बसलाच नसेल, तर सुलट-उलट हा प्रश्नच उद्भवत नाही. गंमत म्हणजे अशा तुकड्यापुढेही स्थान लिहिलेलं असू शकतं. ते जोडीदाराकडून उसनं घेतलेलं. म्हणून आधी ४ बघायचा.

१०२४ अधिक नाजूक. तो म्हणतो, ही नक्कल आहे. तो नसेल तर? नक्कल नाही, किंवा नकला कुणी शोधल्याच नाहीत. दोन्हीकडे शून्यच! समजा, रुग्णाच्या गाठीतलं उत्परिवर्तन आठ तुकड्यांत दिसलं आणि आठही एकाच रेणूच्या प्रती निघाल्या, तर पुरावा एकाचाच. नकला खुणावण्याची पायरी झाली होती का, ते फाइलच्या शीर्षभागातल्या पीजी ओळींत बहुधा सापडतं.