नॉर्थविचमधील मीठ उत्पादनाचा इतिहास

नॉर्थविच हे इंग्लंडच्या वायव्य भागातील चेशायर परगण्यामधील बाजारपेठेचे गाव आहे. ते वीव्हर व डेन या नद्यांच्या संगमावर वसले आहे. रोमन काळापासून विसाव्या शतकापर्यंत या गावाची अर्थव्यवस्था प्रामुख्याने मिठावर अवलंबून होती. जमिनीखालील मीठ काढण्याच्या पद्धतींमुळे एकोणिसाव्या शतकात गावातील जमीन मोठ्या प्रमाणावर खचली. त्याचा परिणाम तेथील इमारतींची रचना, भूदृश्य आणि नुकसानभरपाईचे कायदे या तिन्हींवर झाला.

भूगर्भीय पार्श्वभूमी

नॉर्थविच समुद्रकिनाऱ्यावर नाही. कोकणातील मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवतात. येथील मीठ मात्र भूगर्भातून येते. ट्रायासिक कालखंडात, म्हणजे सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी, या प्रदेशातील उथळ खारे जलाशय वारंवार आटले व मिठाचे जाड थर साचले. नॉर्थविचखाली असे दोन मुख्य थर असून प्रत्येकाची जाडी सुमारे २५ मीटर आहे. वरच्या थराच्या माथ्यापर्यंत पोहोचणारे भूजल मीठ विरघळवते आणि त्यापासून मिठवणी, म्हणजे अतिशय खारे पाणी, तयार होते. काही ठिकाणी ती झऱ्यांच्या रूपाने वर येत असे.

रोमन काळ व मध्ययुग

रोमन लोकांनी पहिल्या शतकात येथे ठाणे वसवले. त्याचे नाव कोंडाटे असे होते. मिठवणी आटवण्यासाठी वापरलेल्या शिशाच्या कढया या परिसरात सापडल्या आहेत. इ.स. १०८६ च्या डूम्सडे बुकमध्ये नॉर्थविच, मिडलविच व नॅन्टविच या तिन्ही मीठगावांची नोंद आहे. मीठ वाहून नेणाऱ्या गाड्या व घोड्यांवरील जकातीचे नियम त्यात दिले आहेत. बेसुमार मीठ लादल्यामुळे गावाच्या जवळपास गाडीचा आस मोडल्यास दंड आकारण्याची तरतूदही त्यात आढळते.

खनिज मिठाचा शोध

इ.स. १६७० मध्ये नॉर्थविचजवळील मारबरी येथे विल्यम मारबरी यांच्या जमिनीत जॉन जॅक्सन हे दगडी कोळशाचा शोध घेत होते. त्या वेळी त्यांना कोळशाऐवजी खनिज मिठाचा थर सापडला आणि मिठाच्या खाणी सुरू झाल्या. खालचा, अधिक शुद्ध थर इ.स. १७८१ मध्ये सापडल्यानंतर वरच्या थरातील खाणकाम मागे पडले.

मीठ आटवण्यासाठी कोळसा लागत असे आणि तो लँकेशायरमधून आणावा लागे. त्यामुळे जलमार्गाला महत्त्व आले. वीव्हर नदी नौकानयनयोग्य करण्याचा कायदा इ.स. १७२१ मध्ये संमत झाला व इ.स. १७३२ मध्ये काम पूर्ण झाले. या मार्गाने कोळसा आत येई व मीठ लिव्हरपूल बंदराकडे जाई. इ.स. १६९४ मध्ये लागू झालेला मिठावरील कर इ.स. १८२५ मध्ये रद्द झाल्यावर उत्पादन झपाट्याने वाढले. एकोणिसाव्या शतकात चेशायरचे मीठ लिव्हरपूलहून कलकत्त्याला मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले आणि त्याच्या स्पर्धेत बंगालमधील स्थानिक मीठ उद्योग मागे पडला.

उत्पादन पद्धती

पंपाने उपसलेली मिठवणी पसरट लोखंडी कढयांत घेऊन खालून कोळशाचा जाळ दिला जाई. जाळ जितका तीव्र, तितके मिठाचे स्फटिक बारीक होत. खळखळून उकळलेल्या मिठवणीपासून बारीक मीठ मिळे. ते साच्यांत भरून त्याच्या वड्या पाडत व वाळवत. मंद आचेवर अनेक दिवस ठेवलेल्या कढईतून मासे खारवण्यासाठी लागणारे जाडे मीठ मिळे.

जमीन खचणे

वरच्या थरातील जुन्या खाणींत छताला आधार म्हणून मिठाचेच खांब सोडले होते, परंतु ते पुरेसे नव्हते. खाणीत पाणी शिरले की खांब विरघळू लागत. पाण्याने भरलेल्या अशा सोडलेल्या खाणींतूनही मिठवणी उपसली जाऊ लागली. उपसलेल्या मिठवणीची जागा गोडे पाणी घेई आणि तेही मीठ विरघळवी. त्यामुळे उपशाबरोबर उरलेला आधारही नाहीसा होत गेला. ६ डिसेंबर १८८० रोजी गावालगत जमीन मोठ्या प्रमाणावर कोसळली आणि जवळच्या ओढ्याचे पाणी विवरात ओढले गेले. खचलेल्या जागी तळी निर्माण झाली. त्यांना स्थानिक भाषेत ‘फ्लॅश’ म्हणतात.

नुकसानीची जबाबदारी ठरवणे कठीण होते. भूगर्भातील मिठवणी दूरवर वाहत असल्याने पंप एका ठिकाणी आणि खचलेले घर दुसऱ्या ठिकाणी, असे घडे. अनेक कारखाने एकाच वेळी उपसा करत असल्याने कोणाच्या पंपामुळे कोणते घर खचले हे न्यायालयात सिद्ध करता येत नसे. घरमालक व दुकानदार यांना भरपाई मिळत नव्हती. अखेर इ.स. १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेने मिठवणी उपशामुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचा कायदा केला. विशिष्ट उत्पादकाचा दोष सिद्ध करण्याऐवजी त्या क्षेत्रातील सर्व उपसा करणाऱ्यांवर उपशाच्या प्रमाणात आकारणी करून भरपाई देण्याचे तत्त्व त्यात होते. इ.स. १९५२ च्या कायद्याने चेशायरसाठी नवी व्यवस्था आणली.

स्थापत्यावरील परिणाम

विटांच्या जड भिंती खचल्यावर तडकत. त्यामुळे गावात लाकडी चौकटीच्या हलक्या इमारती बांधल्या जाऊ लागल्या. जमीन खचल्यास जॅक लावून संपूर्ण इमारत उचलता येई. उद्योगपती जॉन ब्रनर यांनी दिलेली ग्रंथालयाची पहिली इमारत खचल्यामुळे इ.स. १९०९ मध्ये लाकडी चौकटीची नवी इमारत उभारली गेली. वीव्हर नदीवरील दोन फिरते पूल १८९० च्या दशकाच्या अखेरीस तरंगत्या आधारांवर बांधण्यात आले.

रसायन उद्योग

इ.स. १८७३ मध्ये जॉन ब्रनर व लुडविग माँड यांनी जवळच्या विनिंग्टन येथे कंपनी स्थापन केली. मिठवणी, चुनखडी व अमोनिया वापरून तेथे सोडा तयार होऊ लागला. इ.स. १९२६ मध्ये ही कंपनी इतर कंपन्यांसह इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत इ.स. १९३३ मध्ये पॉलिथिनचा शोध लागला. कारखान्यातील चुन्याचा गाळ काही फ्लॅशमध्ये टाकला जाई. आज तो परिसर निसर्गक्षेत्र असून चुनायुक्त मातीत वाढणारी ऑर्किड तेथे आढळतात.

ऱ्हास व वारसा

निर्वात बाष्पीभवनाच्या पद्धतीत इंधन कमी लागत असल्याने विसाव्या शतकात उघड्या कढयांचे कारखाने बंद पडत गेले. थॉम्पसन कुटुंबाने इ.स. १८९४ मध्ये मार्स्टन येथे सुरू केलेला लायन सॉल्ट वर्क्स हा कारखाना इ.स. १९८६ मध्ये बंद झाला. जीर्णोद्धारानंतर इ.स. २०१५ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. इ.स. २००४ ते २००७ या काळात गावाखालील चार सोडलेल्या खाणी राख व सिमेंट यांच्या मिश्रणाने भरून स्थिर करण्यात आल्या. त्यानंतर गावाच्या मध्यभागी नवे बांधकाम शक्य झाले. चेशायरमधील मीठ उत्पादन मात्र थांबलेले नाही. जवळच्या विन्सफर्ड येथील खाणीतून हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी खनिज मीठ काढले जाते.