सोनं तोलणारी विषारी वेल

सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून घराघरांत तोळ्या-माशांचे हिशेब पुन्हा सुरू झाले आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे जुन्या तोळ्यात 96 गुंजा आणि एक गुंज सुमारे 121 मिलिग्रॅमची. सराफांच्या काट्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली ही लाल-काळी बी कुंपणावर चढणाऱ्या नाजूक वेलीची. तिचा गोडसर पाला आपण विड्यात घालतो. बीत मात्र ॲब्रिन हे जहाल विष असतं. ते पेशीत शिरून प्रथिनं तयार होण्याचं कामच बंद पाडतं.

या विषाचा सर्वांत क्रूर वापर गुरांवर झाला. गुंजा वाटून त्या लगद्याच्या बारीक, टोकदार सुया वळायच्या, उन्हात कडक वाळवायच्या, लाकडी मुठीत बसवून जनावराला टोचायच्या. सुई आतच मोडून राही आणि जनावर काही दिवसांत दगावे. मालकाला वाटे, पान लागलं, म्हणजे साप चावला. विषवैद्यकाच्या ब्रिटिशकालीन ग्रंथांत या ‘सुई’ची तपशीलवार वर्णनं आहेत. कातड्यासाठी असे गुन्हे घडले, हे खरं. पण त्या भरात इंग्रज अधिकाऱ्यांनी चामड्याचं काम करणाऱ्या सबंध जातींनाच गुन्हेगार मानलं, हा उघड अन्याय होता. साथीच्या रोगाने मेलेली गुरंही विषप्रयोगाच्या खाती मांडली गेली.

याच विषाने विज्ञानाला मात्र मोठं देणं दिलं. 1891 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी उंदरांना ॲब्रिन आणि एरंडातलं रिसिन अल्प मात्रेत देत नेलं आणि शरीर विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावतं हे दाखवलं. आयुर्वेदानेही गुंजेला उपविषांत घातलं आणि शोधनाशिवाय ती वापरू नये असं बजावलं.

आज धोका आहे तो दागिन्यांतून. अखंड बी गिळली, तर टणक टरफलामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. ओवण्यासाठी भोक पाडलं की हे कवचच भेदलं जातं. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पती-उद्यानाने अशा बियांची कंकणं ग्राहकांकडून परत मागवली होती. आपल्याकडे गुंजांच्या माळा आजही सर्रास विकल्या जातात.

ॲब्रिनवर उतारा नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास, कधी दिवसही लागतात. मुलाने गुंज चावल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा आणि उरलेल्या बिया डॉक्टरांना दाखवा.